आर्या... हळू आर्या

"रेणुकाताई हाईत का?"

संघप्रियानं मान वर केली नाही. क्रेन-ट्रॅक्टरच्या तेलाच्या पाईपांना टोकाचं लोखंडी निप्पल दाबून द्यायचं हे दुकान, आणि आत्ता एका पाईपाचं टोक मशीनच्या दाढेत होतं. अशा वेळी मान वर केली की निप्पल वाकडं बसतं आणि सगळी मेहनत पाण्यात जाते. बाहेर परतीच्या पावसाची एक सर पत्र्यावर ताडताड वाजत होती.

"न्हाईत," ती म्हणाली.

"कवा येतील?"

"येणार न्हाईत."

"मंग हा पाईप कोन दाबून देनार?"

"मी."

"मंग तुमीच रेणुकाताई की!"

दाब सोडून तिनं वर पाहिलं. दारात एक तरुण उभा होता. केस भिजलेले, खांद्यावर ऊस भरायच्या मशीनचा फाटका पाईप आणि शर्टावर त्या पाईपाचं सगळं तेल. चेहरा रापलेला होता, पण शेतात रापतो तसा नव्हे. डोळ्यांच्या कडेला गोऱ्या रेघा राहिल्या होत्या, फार दिवस उन्हात डोळे बारीक करून पाहिलं की राहतात तशा.

"रेणुका माझी आई," संघप्रिया म्हणाली. "पाटीवर तिचं नाव हाय. तिला जाऊन तीन वर्षं झाली."

त्याचं हसू तिथंच थांबलं. "माफ करा. पाटी बघून बोललो."

"सगळेच बोलतात. आणा इकडं."

तिनं पाईप हातात घेऊन फाटलेली जागा बघितली. त्यानं रुमालानं केस पुसले. मग म्हणाला, "रेणुका तर परत घेतलं... ताई बी परत घेऊ का?"

"का? ताई म्हणलं तर काय बिघडतंय?"

"आज काय बिघडत न्हाई. पन आत्ताच नक्की केलेलं बरं."

कोपऱ्यातल्या खुर्चीतून खोकल्याचा आवाज आला. तिचे वडील सितारामकाका (तीही त्यांना काकाच म्हणायची) तिथं बसलेले आहेत हे त्याला दिसलंच नव्हतं. तो गडबडीनं वळला. "जय भीम काका. मी सिद्धोधन. सोनपेठचा."

"जय भीम. बस. काम काय करतोस?"

"जहाजावर हाय. टेंडर सोडायचं काम."

काकांनी चष्मा वर सारला. "टेंडर? मंजे गुत्तेदार हाईस? कुठल्या खात्याचं, बांधकाम का पाटबंधारे?"

"न्हाई काका..."

"मंग कुनाचं टेंडर सोडतोस?"

"शेठचं. समुद्रात."

"समुद्रात टेंडर!" काका लेकीकडे वळून म्हणाले. "ऐकलंस का? आता समुद्रात बी रस्ते करायलेत."

संघप्रियाला हसू आवरेना. पाईपाआड तोंड लपवून ती हसली आणि ते त्यानं पाहिलं. पाऊस उघडला, पाईप तयार झाला, तरी तो निघायचं नाव घेईना.

चार दिवसांनी तो दुसरा पाईप घेऊन आला. तिनं तो वाकवून पाहिला, पिळून पाहिला.

"हा तर चांगला हाय."

"तपासून घेतलेला बरा."

"सोनपेठहून एसटीनं आलात, चांगला पाईप तपासायला?"

"गाडीत जागा मिळाली होती," तो म्हणाला.

तिसऱ्या खेपेला आणलेला पाईप नवाकोरा होता. त्याच्यावर तिच्याच दुकानाचा शिक्का होता. संघप्रियानं तो काउंटरवर ठेवला आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"हा तर मीच करून दिलाय की!"

"होय. म्हणूनच आनला. लय चांगला केलाय, एवढंच सांगायचं होतं."

काकांनी पेपर तोंडासमोर धरला. तो उलटा होता.

त्या दिवशी त्यानं मोबाईलवर त्याचं जहाज दाखवलं. एका श्रीमंत शेठची मोठी पांढरी यॉट होती. तीन महिने जहाजावर, तीन महिने घरी, अशी त्याची नोकरी. व्हिडिओत डेकवरचं एक झाकण उघडलं, आतून पांढरी क्रेन वर आली आणि घडी घातलेली मान तिनं हळूच लांब केली.

"ही क्रेन?" संघप्रियानं मोबाईल हातातच घेतला. "हिला ग्रीसचा एक डाग न्हाई!"

"डाग पडला तर कॅप्टन मलाच पुसाया लावतो."

"आन् पाईप कुठंयत?"

"सगळे आतून. बाहेर एक बी दिसत न्हाई."

"मंग फुटला तर कळतं कसं?"

सिद्धोधन तिच्याकडे बघतच राहिला. "लोक विचारतात शेठ कोन, पगार किती. पाईप कुठंयत हे आजवर कुनी विचारलं नव्हतं."

मग त्यानं नीट समजावून सांगितलं. मोठं जहाज काठाला लागत नाही, तिथं पाणी कमी असतं. म्हणून माणसांना काठावर न्यायला एक छोटी बोट जहाजावरच बांधलेली असते. तिलाच टेंडर म्हणतात. क्रेननं ती उचलायची, डेकच्या बाहेर फिरवायची आणि पाण्यात सोडायची.

"एवढंच?"

"एवढंच. पन बोट पान्याला टेकली म्हणून लगेच हुक काढायचा नसतो. लाट खाली जाती आन् बोट परत लटकती. लाट वर आली, दोर ढिला पडला, की मंगच काढायचा. आधी काढला तर बोट आपटती, उशीर केला तर हिसका बसतो."

"मंग नेमकं कवा, ते कसं कळतं?"

"बघत राहायचं," तो म्हणाला. तो मोबाईलकडे बघत नव्हता. "आन् घाई करायची न्हाई."

संघप्रियानं मोबाईल त्याच्या हातात दिला. तिच्या बोटांचं तेल त्याच्या काचेला लागलं. त्यानं ते पुसलं नाही.

त्या रात्री जेवताना तिनं भाजीत मीठ दोनदा घातलं. काकांनी दोन तांबे पाणी पिऊन ती संपवली.

तिला स्वतःचाच राग येत होता. मागच्या वर्षी नांदेडचं एक स्थळ पसंतीपर्यंत आलं होतं. मुलगा बरा होता. पण त्याच्या घरच्यांनी सांगितलं, लग्नानंतर मशीनला हात लावायचा नाही, हाताला तेलाचा वास येतो. हे दुकान तिच्या आईनं आणि वडिलांनी मिळून उभं केलेलं. काकांचे हात थरथरायला लागल्यावर तिनंच ते चालवलं होतं. तिनं नाही म्हटलं आणि तेव्हापासून लग्न हा विषय तिच्यापुरता मिटला होता. आता तो कुणीतरी हळूच उघडत होता, आणि उघडून तसाच टाकून गेला तर काय, याची तिला धास्ती वाटत होती.

आणि झालं तसंच.

पुढच्या वेळी तो आला तेव्हा हातात पाईपच नव्हता. "आज काय कारण काढलंत?" असं ती विचारणार, तेवढ्यात त्याचा फोन वाजला. नाव बघून त्याचा चेहरा बदलला. तो घाईनं बाहेर गेला आणि दुकानाच्या भिंतीला टेकून बोलू लागला. खिडकी उघडी होती.

"हां... घाबरू नको. मी हाय ना." त्याचा आवाज एकदम मऊ झाला होता. "आर्या... हळू... आर्या... हां, अशीच... घाई नको करू. आर्याऽ... आर्या... बास. लय छान."

संघप्रियाच्या हातातला पाना खाली पडला.

तो आत आला तेव्हा कपाळावरचा घाम पुसत हसत होता. "सुटलो बाबा एकदाचा."

"कुनाचा फोन?"

"जहाजावरचा. माझ्याबिगर जमत न्हाई तिकडं."

"दिसतंय," ती म्हणाली. "काम काय होतं साहेब?"

"साहेब?"

"काम नसंल तर जरा बाजूला होता का? उजेड अडतोय."

तो बाजूला झाला. थोडा वेळ उभा राहिला आणि मग निघून गेला.

तरी एक आशा होती. नाव काय, बहिणीचंही असतं, भाचीचंही असतं. ती आशा दोन दिवस टिकली. तिसऱ्या दिवशी एक बाई पिशवी सांभाळत दुकानाची पायरी चढल्या.

"मी कुसुमबाई. सिद्धोधनची आई. बाजाराला आले होते. तो लय सांगतो तुमच्या दुकानाचं, म्हनलं बघून जावं." त्या स्टुलावर बसल्या, पाणी प्याल्या आणि इकडं तिकडं बघून आवाज खाली केला. "बाई, तू शिकलेली दिसतीस. एक इचारू का? माझं लेकरू कुना पोरीत गुंतलंय."

संघप्रियानं मशीन बंद केलं.

"झोपेत बडबडतंय. 'आर्या, आर्या' करतंय. फोनवर बी तेच. जहाजावरचीच आसंल कुनी. म्या आधी चार दिस रडले. मंग म्हनलं, जाऊ दे, खामखा लेकराला कशाला तरास? आपल्यातली नसली तरी मानूस तर आसंल." पिशवीतून त्यांनी एक साडी काढली. डाळिंबी रंगाची, बारीक काठाची. "त्या पोरीसाठी घेतलीया. तिला आवडंल का गं? तुमी आजकालच्या पोरी..."

संघप्रियानं हात चिंधीला पुसले, दोनदा पुसले आणि साडीच्या काठावरून एक बोट फिरवलं.

"लय चांगली हाय मावशी," ती म्हणाली. "कुनाला बी आवडंल."

कुसुमबाई खुशीत निघून गेल्या. संघप्रिया मशीनकडे वळली आणि चांगला पाईप चुकीच्या मापात कापला.

"काय झालं?" काकांनी विचारलं.

"काय न्हाई. त्याचं कुनीतरी हाय. एवढंच."

"त्यानं सांगितलं?"

"त्याच्या आईनं."

"तू त्याला इचारलंस?"

"मी कशाला इचारू? माझं काय अडलंय?"

काकांनी चष्मा काढून पुसला. मग पाटीच्या दिशेनं बघत म्हणाले, "तुझ्या आईला एक गोष्ट इचारायची होती. रोज समोर होती, म्हनलं, इचारू कवातरी. आता ती काय म्हनली असती, हे मला कोन सांगनार? तू इचार बाई. न्हाई म्हनला तर न्हाई. पन इचार."

विचारायची वेळ संघप्रियानं आणलीच नसती. पण आठवड्यानं नागेशचा फोन आला. परभणीतल्या एका हायड्रा क्रेनचा तो ड्रायव्हर आणि दुकानाचं जुनं गिऱ्हाईक. "ताई, सोनपेठच्या पुढं गोदावरीवर आलोय. बोट उतरवायचीय आन् मेन पाईप गळायलाय. माप सांगतो, दाबून घेऊन या."

"कुनाची बोट?"

"गावाची. पलीकडच्या शेतात जायला घेतलीय. ते जहाजावरचं पोरगं हाय ना सिद्धोधन, त्यानंच सगळं जमवलंय."

"काका, तुमी जा," ती म्हणाली.

"माझे हात बघ," काका म्हणाले आणि थरथरते हात पुढं केले. जरा जास्तच थरथरवले.

ती पाईप पिशवीत घालून एसटीत बसली. वाटभर ऊस वाऱ्यावर डुलत होता. तिनं खिडकीबाहेर बघायचंच नाही असं ठरवलं होतं.

नदी भरलेली होती. पुरानं काठ कापला होता, त्यामुळे खाली उतरायला वाटच उरली नव्हती. वर हायड्रा उभी होती, तिच्याशेजारी पिवळी फायबरची बोट आणि भोवती अर्धं गाव. पुढारपण भगवानरावांकडे होतं. ते एकाच वेळी चौघांना चार वेगळ्या गोष्टी सांगत होते. बायकांत कुसुमबाई होत्या, तीच पिशवी काखेत धरून.

सिद्धोधन धावत पुढं आला. "तुमी आलात!"

"पाईप आलाय. मी पाईपासोबत आले."

तिनं जुना पाईप काढला, नवा बसवला आणि नागेशला प्रेशर द्यायला लावलं. एक थेंबही गळला नाही. सिद्धोधन काहीतरी बोलायला म्हणून दोनदा जवळ आला. दोन्ही वेळा ती हातातल्या पान्याशी बोलत असल्यासारखी वळली.

"परवा जायलोय मी," तो शेवटी म्हणाला.

"बरं हाय. तिकडं वाट बघत असतील."

त्याला काही कळेना. तेवढ्यात भगवानराव ओरडले, "आरं, उचला की!"

बोट उचलली. हायड्रानं मान फिरवली आणि पिवळी बोट नदीवर अधांतरी आली. हुक काढायला एक गडी दोर धरून खाली पाण्यात उतरला होता. सिद्धोधन काठाच्या अगदी टोकाला उभा राहिला. उजवा हात लांब करून त्यानं हाताचं बोट खाली रोखलं, हळूहळू गोल फिरवलं, आणि तोच मऊ आवाज आला.

"आर्याऽ... हळू... आर्या... घाबरू नको, मी हाय ना... आर्याऽ..."

संघप्रिया गेले कित्येक दिवस गप्प होती. वरून धड दिसणारा पाईप आतून कुजत जातो आणि एके दिवशी भस्सकन फुटतो, तसं तिचं झालं.

"अहो, तिला हाका नंतर मारा!" ती सगळ्या गावासमोर ओरडली. "ती काय इथं येऊन बोट उतरवनार हाय का?"

सगळं शांत झालं. नागेशनं दांडा सोडला. पाण्यापासून हातभर वर बोट थांबली.

सिद्धोधन वळला. "कोन?"

"तीच! आर्या! जिच्याशी फोनवर एवढं गोड बोलता. जिचं नाव झोपेत सुद्धा घेता."

"झोपेत?" त्याचे डोळे मोठे झाले. "मी झोपेत काय बोलतो ते तुमाला कसं माहीत?"

गाव खो खो हसायला लागलं. संघप्रियाचा चेहरा कुसुमबाईंच्या पिशवीतल्या साडीच्या रंगाचा झाला.

"म्या सांगितलं तिला," कुसुमबाई पुढं होत म्हणाल्या. "आरं, खरं हाय ते. सांग की आता, कोन हाय ती आर्या?"

केबिनमध्ये नागेश स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसत होता. "अवो ताई! आर्या मंजे पोरगी न्हाई. आर्या मंजे खाली सोड! हबेस मंजे वर उचल. मुंबईच्या गोदीत सगळे खलाशी तसंच बोलतात. मी तिथंच शिकलो, हा बी तिथंच शिकला."

"मंग... फोनवर?" संघप्रियाचा आवाज कुठल्या कुठं गेला.

"तो बन्सीधर," सिद्धोधन म्हणाला. "रत्नागिरीचा. नवीन हाय. माझ्या जागी पैल्यांदाच बोट सोडत होता. ओरडलं की त्याचे हात लटपटतात, म्हणून मऊ बोलावं लागतं. मिशा हाईत त्याला. एवढ्या."

"आन् म्या त्या मिशावाल्यासाठी साडी घेतली!" कुसुमबाईंनी कपाळाला हात लावला.

आता तर गावाच्या हसण्यानं झाडावरचे बगळेही उडाले. भगवानराव तेवढे कासावीस झाले होते. "आरं, ते सगळं मागून बघा! आधी बोट सोडा की रं, लटकलीया ती!"

सिद्धोधननं पुन्हा हात लांब केला. तोंड उघडलं, पण त्याला हसू फुटलं. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. मग तो संघप्रियाला म्हणाला, "माझ्याच्यानं आता व्हायचं न्हाई. तुमीच म्हना."

"मी?"

"इकडं या. हात असा. बोट खाली. आन् हळू."

ती त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. तिच्या हाताला तेल होतं, वास येत होता. तो हात तिनं नदीवर लांब केला.

"आर्या," ती म्हणाली. "हळू... आर्या..."

बोट खाली गेली. पिवळं बूड पाण्याला टेकलं, जरा डुललं, परत वर आलं. एक लाट खालून गेली, मग दुसरी.

"हुक काढू का रं?" बोटीजवळ पाण्यात उतरलेल्या गड्यानं विचारलं.

"थांब," सिद्धोधन आणि संघप्रिया एकदमच म्हणाले.

पुढची लाट वर आली. दोर ढिला पडला.

"आता," ती म्हणाली.

हुक सुटला. बोट पाण्यावर बसली. गावानं टाळ्या वाजवल्या, भगवानरावांनी घाम पुसला आणि जो तो बोटीत पहिल्यांदा कोण बसणार यावर भांडायला लागला.

काठावर दोघंच उरली. तो नदीकडे बघत बोलला. "मी घाई करत नव्हतो, म्हणून बोललो न्हाई. पन उशीर बी व्हायला नको. तीन महिने तिकडं, तीन महिने इकडं, असा मानूस चालंल का?"

"मी दुकान सोडनार न्हाई."

"सोडा कोन म्हनतंय? इकडं असल्यावर मी बी पाईप दाबीन की. शिकवाल का?"

"आन् हाताला तेलाचा वास येतो माझ्या."

"माझ्या मोबाईलवर तुमचं बोट उमटलंय," तो म्हणाला. "अजून पुसलं न्हाई."

त्यानं मोबाईल पुढं केला. काचेच्या कोपऱ्यात खरंच एक तेलकट ठसा होता. संघप्रियानं तो बघितला आणि मग नदीकडेच बघत राहिली, कारण डोळे भरून आले होते.

मागून कुसुमबाईंनी पिशवी तिच्या हातात कोंबली. "ही घे. तूच म्हनालीस ना, कुनाला बी आवडंल? मंग आता न्हाई म्हनू नको."

दोन दिवसांनी परभणी स्टेशनवर मुंबईची गाडी लागली. काका बाकावर बसले होते, मुद्दाम पाठ फिरवून. सिद्धोधन डब्याच्या दारात उभा होता.

"काका म्हणत होते, पाटी बदलायची का," संघप्रिया म्हणाली. "मी नको म्हणाले. आईचंच नाव राहू दे."

"राहू दे की. पन दुकानात येऊन रेणुकाताई म्हननार न्हाई मी आता."

"काय म्हणशील?"

ती पहिल्यांदाच त्याला 'तू' म्हणाली होती. तो उत्तर देणार तोच शिटी झाली. संघप्रियानं उजवा हात लांब केला, बोट जमिनीकडे रोखलं आणि हळूहळू गोल फिरवलं.

सिद्धोधननं टुणकन खाली उडी मारली.

"अरे, गाडी सुटायलीय!"

"खाली ये म्हणलीस, म्हणून आलो."

"मी फक्त करून बघितलं!"

"मी खरंच उतरलो."

ती हसली, अगदी मोकळं हसली. मग तोच हात वर करून तिनं बोट आभाळाकडे फिरवलं. "हबेस. चढ आता."

तो चढला. गाडी हलली. दारातून वाकून तो ओरडला, "आन् तीन महिन्यांनी?"

फलाटावर उभी राहून संघप्रियानं बोट पुन्हा खाली रोखलं, परभणीच्या जमिनीकडे, आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत ते फिरवत राहिली.